रंग न पिणारा कागद

युपो पहिल्यांदा हातात घेतला की शंका येते, हा कागद आहे की प्लॅस्टिक? प्लॅस्टिकच आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये खनिज भुकटी मिसळून आणि ती फिल्म दोन्ही दिशांनी ताणून तो जपानमध्ये तयार झाला. तोही चित्रकारांसाठी नव्हे, तर नकाशे, लेबलं, मेनूकार्डं अशा कामांसाठी. जपानमधल्या निवडणुकांच्या मतपत्रिकाही याच जातीच्या कागदाच्या असतात. घडी घालून पेटीत टाकलेली मतपत्रिका आपोआप उलगडते, त्यामुळे मोजणी लवकर उरकते. अशा कागदावर जलरंगात पक्षी रंगवायचे म्हटलं की ऐकीव सल्ल्यांचा पाऊस पडतो, आणि त्यातले बरेच सल्ले चुकीचे असतात.

‘कागद पाणीच पीत नाही, तर जलरंग टिकणार कसा?’ हा सर्वांत मोठा गैरसमज. जलरंगातली रंगद्रव्यं धरून ठेवतो तो त्यातला डिंक. सुती कागदाचे तंतू त्याला मदत करतात, एवढंच. आणि त्या कागदालाही सरसाची खळ दिलेली असते, म्हणजे तोही टीपकागदासारखा रंग पीत नाही. युपोवर रंग डिंकाच्या बळावर पृष्ठभागालाच चिकटून बसतो. हे काही आजचं खूळ नाही. अठराव्या शतकापासून युरोपात हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगात व्यक्तिचित्रं काढत. हस्तिदंत गुळगुळीत आणि तेलकट, म्हणून आधी त्याचा तेलकटपणा काढावा लागे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबाद आणि पाटण्याला अभ्रकाच्या पत्र्यांवर पाण्यात कालवलेल्या रंगांनी चित्रं होत. अभ्रक तर थेंबभरही पाणी शोषत नाही.

‘जलरंगात चूक झाली की संपलं,’ असंही बजावतात. युपोवर नेमकं उलट आहे, आणि माझ्या मते पक्षी रंगवणाऱ्याने याच एका कारणासाठी तो वापरून पाहावा. वंचक घ्या. भाताच्या खाचरात बसलेला असतो तेव्हा मातकट, रेघारेघांचा, चिखलात मिसळून गेलेला. उडाला की पांढरेशुभ्र पंख. सुती कागदावर हा पांढरा रंग आधीपासून राखून ठेवावा लागतो. युपोवर सगळा आकार बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनच्या मिश्रणाने भरा, वाळू द्या आणि ओलसर चपट्या ब्रशने पंख पुसून काढा. एकेक पीस म्हणजे ब्रशचा एकेक फटकारा. दर फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याला टिपायचा, नाहीतर उचललेला रंग पुन्हा तिथेच बसतो. इथे रंग लावण्याइतकंच रंग काढणं हेही चित्र काढणंच असतं.

मात्र सगळेच रंग सारखे निघत नाहीत. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना सहज सुटतात. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा पुसल्यावरही फिकट झाक मागे ठेवतात. खंड्याची निळी पाठ थॅलोने रंगवायची असेल तर त्याचा पांढरा गळा आधीच राखा.

‘बारकावे येत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. कमी पाणी, दाट रंग आणि टोकदार ब्रश असेल तर डोळ्याभोवतीचं कडंही नीट येतं. जमत नाही ते थरावर थर देणं, कारण दुसऱ्या थराचं पाणी पहिला थर विरघळवतं. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकासाठी पाच-सहा पातळ थरांचं नेमकं चित्र हवं असेल, तर सुती कागदच घ्यावा.

रंग थेंबाथेंबांनी पळू लागला की कागद खराब निघाला असं म्हणतात. बहुधा ते बोटांचं तेल असतं. भांड्यांच्या साबणाने पृष्ठभाग हलक्या हाताने धुऊन वाळवला की रंग नीट बसतो.

वाळण्याबाबतही घाई नको. पाणी कागदात मुरत नाही, ते फक्त हवेत उडून जातं. म्हणून कोकणातल्या जुलैत एक वॉश वाळायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. हेअर ड्रायर जवळ धरला तर उष्णतेने कागद वाकतो. पंखा बरा. वाळल्यावरही एखादा थेंब पडला की रंग सुटतोच, त्यामुळे चित्र काचेआड ठेवा किंवा अ‍ॅक्रिलिक वार्निशचे हलके फवारे द्या. वार्निश ब्रशने लावू नका, रंग ओढला जाईल.

‘सिंथेटिक म्हणजे झाडं वाचली’ हा समज तर सोडूनच द्या. चांगला जलरंगाचा कागद कापसाचा असतो, त्यासाठी झाड तोडत नाहीत. पॉलिप्रॉपिलीन मात्र खनिज तेलापासून बनतं आणि मातीत कुजत नाही. म्हणून फसलेलं चित्र फेकू नका. नळाखाली धरा, फडक्याने पुसा. फिकट डाग राहिले तरी चालतील, कागदाची दुसरी बाजूही तितकीच कामाची आहे. त्याच तावावर वंचक पुन्हा काढा.