दोन रेशनकार्डं, दोन मतं, तरी जमिनीचा प्रश्न कायम! १४ गावांचा वाद आणि जपानने सोडलेला ‘गांदो’

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा आहे. इथे अनेकांकडे दोन रेशनकार्डं आहेत. शाळा दोन, ग्रामपंचायती दोन. वरवर पाहता चंगळच. पण दोन सरकारं एकाच गावावर हक्क सांगतात, तेव्हा त्यांना माणसं हवी असतात की जमीन? शंभर वर्षांपूर्वीचं एक उदाहरण पाहूया.

गांदो म्हणजे काय?

चीन आणि कोरियाच्या मधून तुमेन नदी वाहते. १८६९-७० च्या दुष्काळानंतर हजारो कोरियन शेतकरी नदी ओलांडून चीनच्या बाजूला गेले आणि पडीक जमीन कसू लागले. या भागाला ते ‘गांदो’ म्हणत. सीमेबाबत १७१२ साली उभारलेल्या दगडावरील नदीचं नाव नेमकं कोणत्या नदीचं, यावरून दोन्ही देशांत वाद होता.

जपानने काय केलं?

१९०५ मध्ये कोरियाचं परराष्ट्र खातं जपानच्या हाती गेलं. १९०७ मध्ये जपानने ‘कोरियन लोकांच्या संरक्षणासाठी’ म्हणत गांदोत कार्यालय थाटलं. ही जमीन कोरियाचीच, असा दावाही केला.

दोनच वर्षांत पवित्रा बदलला. ४ सप्टेंबर १९०९ च्या करारात जपानने गांदो चीनचा असल्याचं मान्य केलं. बदल्यात मांचुरियातील रेल्वे आणि खाणींबाबत सवलती पदरात पाडून घेतल्या. हा सौदा होताना ना कोरियाला विचारलं गेलं, ना तिथल्या शेतकऱ्यांना.

१९१० मध्ये कोरियाच जपानने गिळंकृत केला. मग गांदोतले कोरियन ‘आमचे प्रजाजन’ ठरले. १९२० मध्ये स्वातंत्र्यसैनिकांचा शोध घेत आलेल्या जपानी फौजेने याच गावांत घरं जाळली, माणसं मारली. ज्यांच्या रक्षणाचं नाव घेतलं, त्यांच्यावरच बंदुका रोखल्या.

आपल्याकडे वाद कसा आला?

राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मराठी मुलखात आला. जिवती तालुका पुढे राजुऱ्यातूनच वेगळा झाला. सीमेवरच्या या गावांचा गुंता मात्र सुटला नाही. मराठवाड्यातून आलेली अनेक कुटुंबं इथे शेती करतात.

२०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला, तर आदिलाबादचं १३ मे रोजी झालं. म्हणजे दोन्हीकडे मत देण्याची सोय झाली. पण कसत असलेल्या जमिनीचा पट्टा हीच गावकऱ्यांची जुनी मागणी आहे.

मग फरक काय?

इथे साम्राज्य नाही, फौजाही नाहीत. मत आहे, कोर्ट आहे. सीमा बदलणं हे मुळात संकटच असतं, असंही नाही. भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीचंच पाहा. १९५६ पर्यंत हे गाव मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. घर न हलवता गावाने तीन राज्यं पाहिली. पण प्रत्येक वेळी सातबारा कोणत्या सरकारचा, हे स्पष्ट होतं.

१४ गावांचं दुखणं नेमकं इथेच आहे. रेशन आणि शाळा देऊन सरकार आपला दावा पक्का करतं. कसणाऱ्याचा हक्क पक्का होतो तो जमिनीच्या कागदाने. नकाशावरची रेघ कुठेही पडो, तो कागद आधी हातात पडायला हवा.