विजेचें खुरपें

शेतांत पीक ज्या हौसेनें वाढतें, त्याच्या दुप्पट हौसेनें तण वाढतें. अंगणांतील फरशीच्या फटींतून डोकावणाऱ्या हरळीशीं ज्यांनीं खुरपें घेऊन झुंज दिली असेल, त्या आमच्या वाचकांस या शत्रूचा चिवटपणा निराळा सांगावयास नको. तण विजेनें मारतां येतें असें म्हटल्यास ती युक्ति अगदीं कालची वाटेल. पण अमेरिकेंत अशा यंत्रांचीं पेटंटें १८९० नंतरच्या दशकांतच देण्यांत आलीं होतीं!

मग ही युक्ति मागें कां पडली? रासायनिक औषधें स्वस्त व सोपीं निघालीं, हें त्याचें मुख्य कारण. १९७४ सालीं ग्लायफोसेट बाजारांत आलें, आणि फवारा मारला कीं काम संपलें, असें शेतकऱ्यांस वाटूं लागलें. परंतु निसर्ग इतका भोळा नाहीं. १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांत या औषधास दाद न देणारें रायगवत आढळलें. पुढें अमेरिकेंतील सोयाबीनच्या शेतांत वॉटरहेंप नांवाचें तणहि तसेंच निगरगट्ट झालें. हें आपल्या माठाच्या कुळांतलें. याचें एकच झाड लाखों बिया टाकूं शकतें. म्हणून एका झाडाकडे केलेला कानाडोळा पुढें कित्येक वर्षें भोंवतो.

अशा वेळीं विजेची आठवण पुन्हां झाली. ट्रॅक्टरच्या शक्तीवर फिरणारें जनित्र हजारों व्होल्ट दाबाची वीज निर्माण करतें. ट्रॅक्टरपुढें आडवा बसविलेला धातूचा दांडा पिकाच्या शेंड्यांवरून जातो. पिकाहून उंच वाढलेल्या तणास तो लागला, कीं प्रवाह देठांतून मुळांत व मुळांतून जमिनींत शिरतो, आणि जमिनीस टेकलेल्या चाकावाटे यंत्राकडे परत येतो. वाटेंत झाडाचें अंग प्रवाहास विरोध करतें. त्यामुळें उष्णता उत्पन्न होते, पेशींतील पाणी उकळतें व पेशी फुटतात. तण मान टाकतें. जमीन उकरावी लागत नाहीं, आणि मातींत विषाचा अंशहि राहत नाहीं.

तथापि गुण सांगितले तसे दोषहि सांगितले पाहिजेत. पीक कोणतें आणि तण कोणतें, हें विजेस कळत नाहीं. तो भेद केवळ उंचीवरून करावयाचा. दांडा सोयाबीनला लागला तर सोयाबीनचीहि तीच गत! पिकाखालीं दडलेलें बुटकें तण सुटतें, मातींतील बीं तसेंच राहतें, आणि लव्हाळ्यासारख्या तणाच्या जमिनींतील सर्व गांठींपर्यंत प्रवाह पोंचेलच असें नाहीं. वाळल्या काडीकचऱ्यास ठिणगीनें आग लागण्याचें भय असतें. चालकाच्या जिवास धोका तर उघडच आहे. म्हणून घरच्या तारा जोडून असला प्रयोग कोणीं अंगणांत करूं नये, हें आम्ही निक्षून सांगतों.

आपल्याकडे निंदणीचें काम बहुतांशीं बायकांच्या हातीं आहे. रोप आणि तण यांतील जो भेद त्यांच्या नजरेस क्षणांत कळतो, तो हजारों व्होल्टांस कळत नाहीं. त्यांच्या पाठीवरचें ओझें एखादें यंत्र हलकें करील तर आम्हांस आनंदच आहे. परंतु वेळेवर निंदणी, पिकांची फेरपालट व जमिनीवर आच्छादन हीं जुनीं साधनें सोडून केवळ फवाऱ्यावर विसंबण्याची जी चूक झाली, तीच विजेच्या बाबतींत पुन्हां न होवो, एवढीच आमची इच्छा आहे.