राईड दोन मिनिटांची, तिकीट दिवसभराचे

मुंबई, प्रतिनिधी

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. बच्चेकंपनीला थीम पार्कची ओढ लागलेली असते आणि घरातील कर्ती मंडळी मनातल्या मनात गुणाकार मांडत असतात. माणशी तिकीट दीड हजारांच्या आसपास धरले आणि आई-वडील, दोन मुले व सोबत आजी असा लवाजमा असला, तर साडेसात हजार रुपये प्रवेशद्वारावरच खर्ची पडतात. त्यात गाडीचे इंधन, टोल, आतील जेवण आणि लॉकरचे भाडे मिळवले, की एका दिवसाचा हिशेब सहज दहा हजारांवर जातो. अनेक घरांत एवढ्या रकमेत महिन्याचा किराणा भरतो. मग या पैशांच्या मोबदल्यात पदरात नेमके काय पडते, असा प्रश्न पडला तर तो कंजूषपणा खचितच नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर राईड किती थरारक आहे यावर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक ते पैसे कोणत्या पद्धतीने घेतले जातात यावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या जत्रेचेच उदाहरण घ्या. वांद्र्याची माऊंट मेरीची जत्रा असो वा माहीमचा उरूस, मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत. पाळण्यात बसायचे असेल तर पाळण्याचे, मौत का कुआँ पाहायचा असेल तर त्याचे वेगळे तिकीट. जो बसेल तो देईल, असा सरळ व्यवहार. आजी बाकावर बसून भेळ खात राहिली तर तिच्या नावे एक पैसाही लागत नाही.

गंमत अशी, की थीम पार्कची गंगोत्री मानल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडची सुरुवातही काहीशी अशीच झाली. १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले तेव्हा प्रौढांना प्रवेशासाठी एक डॉलर पडत असे आणि प्रत्येक राईडचे पैसे स्वतंत्र द्यावे लागत. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका आली. कुपनांना ए, बी, सी अशी अक्षरे होती आणि राईड जितकी मोठी तितके पुढचे अक्षर. १९५९ मध्ये 'ई' हे सर्वांत वरचे कुपन आले. अमेरिकी बोलीभाषेत आजही एखाद्या विशेष रोमांचक अनुभवाला 'ई तिकीट' म्हणतात, ते यावरूनच. १९८२ मध्ये ही पुस्तिका बंद झाली आणि एकदा पैसे भरा, मग दिवसभर हवे तितके फिरा, ही पद्धत तेथे रूढ झाली. आपल्याकडची बहुतेक मोठी उद्याने आज हाच मार्ग अनुसरतात.

अर्थशास्त्रज्ञांनाही या कोड्याने भुरळ घातली आहे. वॉल्टर ओई यांनी १९७१ मध्ये डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊन एक शोधनिबंध लिहिला. प्रवेशाचे शुल्क जास्त ठेवावे की राईडचे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या युक्तिवादाचे सार थोडक्यात असे: सगळे ग्राहक साधारण एकाच आवडीचे असतील, तर राईडचा दर तिच्या चालवण्याच्या खर्चाइतकाच ठेवावा आणि नफा प्रवेशद्वारावर वसूल करावा. एक जादा माणूस पाळण्यात बसल्याने मालकाचा खर्च फारसा वाढत नाही, म्हणून राईड जवळजवळ फुकट ठेवणे त्याला परवडते. परंतु ग्राहकांच्या आवडीनिवडी भिन्न असल्या, की हे गणित बिघडते, हेही ओई यांनी दाखवून दिले. आपल्या पाचजणांच्या कुटुंबात नेमके हेच घडते.

रांग हीच खरी किंमत

आत गेल्यावर राईडला पैसे लागत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक राईडमध्ये बसायचे असते. जागा मात्र मर्यादित. मग पैशांची जागा वेळ घेतो. एखाद्या रोलर कोस्टरच्या गाडीत २८ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते असे समजा. म्हणजे तासाला ५६० माणसे. पुढे साडेचारशे लोक उभे असतील, तर तुमचा नंबर साधारण ४८ मिनिटांनी येणार. त्याच रुळांवर दोन गाड्या आलटूनपालटून चालवल्या आणि दर दीड मिनिटाला एक सुटली, तर हीच प्रतीक्षा २४ मिनिटांवर येते. रांग किती लांब आहे हे सारेच पाहतात. रुळांवर गाड्या किती धावत आहेत, हे क्वचितच कोणी पाहतो. गर्दी कमी असेल त्या दिवशी अनेक उद्याने एकच गाडी चालवतात, ही त्यातली मेख आहे. म्हणून आडवारी गेल्याचा फायदा होतो खरा, पण गर्दी घटते त्या प्रमाणात रांग घटेलच असे नाही.

आता दिवसाचा हिशेब मांडून पाहू. उद्यान आठ तास उघडे असेल तर हाती ४८० मिनिटे. जेवण, स्वच्छतागृह, लॉकर आणि मुलांची रडारड यांत दीड तास सहज जातो. उरतात ३९० मिनिटे. रविवारी दर राईडमागे ४५ मिनिटांची रांग आणि चढण्या-उतरण्यास व पुढच्या राईडपर्यंत चालण्यास दहा मिनिटे धरली, तर दिवसभरात सात राईड्स होतात. दीड हजारांच्या तिकिटात राईडमागे सुमारे २१५ रुपये पडले. आडवारी रांग १५ मिनिटांवर आली, तर १५ राईड्स होतात आणि तोच दर शंभर रुपयांवर येतो. तिकिटावर मिळणाऱ्या पाच-दहा टक्के सवलतीसाठी आपण संकेतस्थळे धुंडाळतो. वार बदलल्याने होणारा लाभ त्याच्या कितीतरी पट आहे.

रांग म्हणजेच किंमत, हे उद्यानांच्या चालकांनाही पक्के ठाऊक आहे. डिस्नेने १९९९ मध्ये 'फास्टपास' आणला तेव्हा तो विनामूल्य होता. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी थेट पुढे जायचे. २०२१ मध्ये त्याची जागा सशुल्क सेवेने घेतली. १९८२ मध्ये दारातून बाहेर काढलेले राईडचे तिकीट असे चाळीस वर्षांनी खिडकीतून परत आले. दुसरीकडे प्रवेशशुल्कही गर्दीनुसार बदलू लागले. डिस्नेलँडमध्ये २०१६ पासून दिवसागणिक वेगवेगळे दर आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलरवर गेले. आपल्याकडेही शनिवार-रविवारचे वेगळे दर आणि रांग टाळण्याचे वेगळे तिकीट आता नवलाईचे राहिलेले नाही. सुट्टीच्या ऐन हंगामात रविवारीच जाणे भाग असेल, तर कुटुंबातील मोठ्या राईड्सच्या शौकिनांपुरते ते घेणे समजण्यासारखे आहे. सरसकट सर्वांसाठी घेणे मात्र उधळपट्टी ठरते.

महागाईचे मूळ

मग उद्यानवाले गडगंज होतात का? महाराष्ट्राचा अनुभव तसे सांगत नाही. मुंबईकरांच्या दोन पिढ्यांनी बोटीतून जाऊन अनुभवलेले गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच्या जाहिरातीचे गाणे नव्वदच्या दशकातील प्रत्येक मुलाला पाठ होते. २०२२ मध्ये ते पर्यटकांसाठी बंद ठेवण्यात आले. खोपोलीजवळ २०१३ मध्ये उघडलेले इमॅजिका हे त्याहून भव्य स्वप्न. तेथील 'नायट्रो' हा सुमारे ४० मीटर उंचीचा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबिलार्ड या नामांकित कंपनीने घडवलेला आहे. पायांखाली तळच नसलेल्या त्याच्या गाडीतून जाताना काळजाचा ठोका चुकतो, यात वाद नाही. पण अशी यंत्रे परदेशातून येतात, ती कर्जावर घेतली जातात आणि कर्जाचे व्याज पावसाळ्यात थांबत नाही. माणसे मात्र थांबतात. इमॅजिकाच्या कंपनीवरील कर्जाचा बोजा हजार कोटींच्या वर गेला, करोनाच्या टाळेबंदीने दारे बंद केली आणि अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने तिचा ताबा घेतला. शिवाय तिकिटावर वस्तू व सेवा कर आहेच. २०१७ मध्ये तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला.

तिकिटाच्या रकमेतील आणखी एक भाग डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे देखभाल. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानात झुलणारी राईड तुटून दोघांचा बळी गेला. रोज सकाळी रिकामी गाडी फिरवून पाहणारा, प्रत्येक बोल्ट तपासणारा तंत्रज्ञ पगारावर ठेवावा लागतो. जत्रेतील पाळण्याचे स्वस्त तिकीट या खर्चाला सोडून तर येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय दोन्हींची तुलना अपुरी आहे. अर्थात तिकीट महाग म्हणून तपासणी चोख, असे समीकरणही आंधळेपणाने मांडता येत नाही. पट्टा नीट बसत नसेल किंवा कर्मचारी न तपासताच गाडी सोडत असेल, तर पैसे वसूल करण्याच्या नादी न लागता उतरावे.

एवढे सगळे खरे असले, तरी ओढाताण होते ती घरातल्या घरात. मोठ्या राईड्सना साधारण १२० ते १४० सेंटिमीटर उंचीची अट असते. सहा-सात वर्षांचे मूल बहुधा तेथे अडते. त्याच्या वाट्याला घोड्यांचा चक्रपाळणा आणि आगगाडी येते आणि त्याच्याजवळ थांबलेल्या आईच्याही. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे असणाऱ्यांना उद्यानाचेच फलक मज्जाव करतात. म्हणजे पाचजणांच्या तिकिटांत प्रत्यक्षात थरार अनुभवणारे दोघेच असू शकतात. साडेसात हजारांना दोघांनी भागले तर काय होते, ते सांगायला नको. मुले बारा-चौदा वर्षांची झाल्यावर हाच खर्च खऱ्या अर्थाने सत्कारणी लागतो. पाण्याच्या उद्यानांची गोष्ट थोडी वेगळी आहे. लाटांच्या तलावात उंचीची अट फारशी आड येत नाही, रांगही नसते आणि लहानथोर एकत्र डुंबू शकतात. फक्त नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरून न्यावेत, नाहीतर भाड्याचे पैसे पडतात.

राहता राहिली आजी. काही उद्याने ज्येष्ठ नागरिकांना सवलत देतात, ती विचारल्याशिवाय पुढे केली जाईलच असे नाही. तिकीट खिडकीवर पहिला प्रश्न तोच विचारावा. आणि सवलत किरकोळ असेल, तर आजीलाच एकदा विचारून पाहावे. तिला नातवंडांसोबत दिवस घालवायचा असतो, हे खरे. पण मे महिन्याच्या उन्हात, सिमेंटच्या बाकावर, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसण्यासाठी दीड हजार रुपये भरले गेलेले तिला मानवतील का, हे तिच्याशिवाय दुसरे कोण सांगणार?