दंतदुखापतीच्या मराठी शब्दांचे इंग्रजी भाषांतर : बारामती व इंदापूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
बारामती व इंदापूर तालुक्यांत मारहाणीत जखमी झालेली व्यक्ती आपली दुखापत मराठीत सांगते आणि पोलीस जबाबही मराठीतच नोंदवितात. वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र सामान्यतः इंग्रजीत असते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यास मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करावे लागते. दाताच्या दुखापतीबाबत या भाषांतराचे महत्त्व प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

कायदेशीर संदर्भ :
भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ३२० नुसार दात मोडणे किंवा निखळणे ही जबर दुखापत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही ही तरतूद कायम आहे. इच्छापूर्वक केलेल्या साध्या दुखापतीस सामान्यतः १ वर्षापर्यंत, तर जबर दुखापतीस ७ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

शब्दार्थांची समस्या :
'दात पडला' या शब्दांतून कारण कळत नाही. हिरड्यांच्या विकारानेही दात पडतो. 'दात पाडला' म्हणताच कर्ता सूचित होतो. हा भेद केवळ एका कान्याचा आहे. 'दात तुटला' यातून कवची उडाली की मूळ मोडले, हे स्पष्ट होत नाही. 'दात आत गेला' याचा अर्थ दात खोबणीत रुतला, म्हणजे इन्ट्रूजन, असा होतो. तो जिभेकडे कलला, म्हणजे लॅटरल लक्सेशन, असाही होतो. 'दात हलतो' ही स्थिती सबलक्सेशनची असू शकते. त्यात दात सैल होतो, पण जागेवरून सरकत नाही. अशा वर्णनासाठी भाषांतरात 'डिस्लोकेशन' हा शब्द योजल्यास साधी दुखापत जबर भासू शकते.

ही अडचण केवळ मराठीची नाही. रशियन दंतवैद्यकात दात सरकणे व पूर्ण निखळणे या दोहोंसाठी 'विविख' हाच शब्द वेगवेगळ्या विशेषणांसह वापरतात. इंग्रजीत मात्र पहिल्यास लक्सेशन व दुसऱ्यास ॲव्हल्शन अशा स्वतंत्र संज्ञा आहेत.

निष्कर्ष :
साक्षीदाराचे शब्द म्हणजे निदान नव्हे. त्यामुळे जबाबातील वर्णन साध्या इंग्रजीत, मूळच्या संदिग्धतेसह द्यावे. शास्त्रीय संज्ञा वैद्यकीय प्रमाणपत्रात असेल तेथेच ठेवावी. दोहोंत विसंगती आढळल्यास ती भाषांतरात मिटवू नये. तिचा निर्णय करणे हे न्यायालयाचे कार्य आहे.