निकेल ते बिस्मथ

समुद्रपूर तालुक्यातला माणूस एमआरआय काढायला सेवाग्रामला नाहीतर सावंगीला जातो. त्याला ज्या बोगद्यात सरकवतात, त्याभोवती सहसा निओबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं द्रव हेलियमनं गार ठेवलेलं असतं. एकदा सोडलेली वीज त्यात विनाअडथळा फिरत राहते. या अतिवाहकतेशी आपला संबंध बहुधा तेवढाच. मुंबईनं या विषयात घातलेली भर मात्र मराठीत फारशी कुणी सांगितलेली नाही.

लायडनमध्ये १९११ साली कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात ही अवस्था प्रथम दिसली. कारण कळायला १९५७ उजाडलं: इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. या जोड्यांचा हाडवैरी म्हणजे चुंबकत्व, त्यामुळे निकेलकडून कुणाला फारशी आशा नव्हती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार आणि सहकाऱ्यांना नेमक्या यिट्रियम-निकेल-बोरॉनच्या नमुन्यात १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना, अतिवाहकता सापडली. तीही नमुन्याच्या जेमतेम काही भागात. खोदकाम केल्यावर कळलं, की न बोलावता शिरलेला कार्बन ही किमया करत होता. मग कार्बन मुद्दाम घातला आणि जानेवारी १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध आला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या बेल लॅब्सनं निकेलऐवजी पॅलेडियम घेऊन २३ केल्विन गाठले. नाव त्यांचंही झालं, पण वाट कुलाब्यानं दाखवली होती.

इलेक्ट्रॉन-रचनेचं गणित झाल्यावर आणखी गंमत कळली. स्फटिक थराथरांचा, पण इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांना मोकळे. आणि इथलं निकेल चुंबकासारखं वागतच नाही. यिट्रियमच्या जागी होल्मियम घातलं, तर सुमारे ८ केल्विनला अतिवाहकता येते, ५ च्या आसपास चुंबकत्व तिला जवळजवळ मोडून काढतं आणि आणखी थंड केलं की ती परतते.

२००८ मध्ये जपानमधून लोहाधारित अतिवाहक आले. त्या कुळातल्या पदार्थांवर प्रकाश पाडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याचं काम कुलाब्याच्या याच संस्थेत कालोबरन मैती यांच्या गटानं केलं.

मला सगळ्यात भावतो तो बिस्मथ. धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांचा नकाशा काढण्याची खूण १९३० साली लायडनला याच धातूत सापडली होती, म्हणजे तो संशोधकांच्या घरचाच. तरी सामान्य दाबाला तो अतिवाहक होतो, हे २०१६ अखेरीस कुलाब्यातून एस. रामकृष्णन यांच्या गटानं जाहीर केलं. तापमान ०.०००५३ केल्विन, शुद्धता ९९.९९९९ टक्के. पृथ्वीचं चुंबकक्षेत्रही ही अवस्था मोडायला पुरेसं, म्हणून नमुना कवचात ठेवावा लागला. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन. इतक्या तुटपुंज्या संख्येत जोड्या कशा जमाव्यात, याचं उत्तर १९५७ च्या सिद्धान्तात बसत नाही. नंतर पर्यायी मांडण्या आल्या. त्यांच्यावर वाद चालू आहे.