नागपूरहून फ्रान्सच्या खेड्यात : ‘ओ पेअर’ म्हणून जाताना आधी काय विचारायचं?

फ्रान्समध्ये राहायचं, भाषा शिकायची, राहण्या-खाण्याचा खर्च नाही, वर हातखर्चाला पैसे. ‘ओ पेअर’चे रील्स बघून अनेकांना हा मार्ग सोपा वाटतो. पण रीलमध्ये द्राक्षांचे मळे दिसतात, तिथून बसस्टॉप किती लांब आहे ते दिसत नाही. गावाकडच्या कुटुंबात रुळणं याच गोष्टीवर अवलंबून असतं.

ओ पेअर म्हणजे काय?

या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्यानं’. परदेशी कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरकामात थोडा हातभार लावायचा. बदल्यात राहणं, जेवण आणि हातखर्च मिळतो. ओ पेअर घरची कामवाली नसते आणि पाहुणीही नसते. मुलगेही ओ पेअर म्हणून जाऊ शकतात.

नियम काय सांगतात?

ओ पेअरसाठीचा वेगळा निवास परवाना फ्रान्समध्ये २०१९ पासून लागू आहे. वय १८ ते ३० हवं. फ्रेंचचं प्राथमिक ज्ञान किंवा शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. काम आठवड्याला जास्तीत जास्त २५ तास, एक पूर्ण दिवस सुट्टी आणि महिन्याला किमान ३२० युरो. एका युरोचे १०० रुपये धरले तर हे ३२ हजार होतात. पण हा पगार नव्हे, हातखर्च आहे. घरी पैसे पाठवायच्या हिशेबानं जाणाऱ्यांची निराशा होऊ शकते.

कुटुंबाशी लेखी करार लागतो. महाराष्ट्रासाठी फ्रान्सचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. तिथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंदणी करायला विसरू नका.

गावात अडतं कुठे?

पहिली अडचण गाडीची. खेड्यात बस कमी असतात आणि फ्रेंचचा क्लास बहुतेक वेळा जवळच्या शहरात असतो. गाडी वापरायला मिळेल का, पेट्रोल आणि विमा कोणाचा, हे आधीच विचारा. नाहीतर सुट्टीचा दिवसही घरातच जातो.

दुसरी अडचण बुधवारची. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते, शिवाय साधारण दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवड्यांची सुट्टी लागते. मुलं दिवसभर घरी असली की २५ तास कधी संपतात कळत नाही. म्हणून सुट्ट्यांमधलं वेळापत्रकही लिहून घ्या.

तिसरी जेवणाची. शाकाहारी असाल तर करार करण्याआधीच सांगा. ‘मासे चालतात ना?’ असा प्रश्न हमखास येईल, तेव्हा काय चालत नाही तेही स्पष्ट करा.

आणि बोलण्याची रीत. मराठीत तू आणि तुम्ही, तसं फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘वू’. मोठ्यांशी सुरुवात ‘वू’नं करा, ते म्हणाले की ‘त्यु’वर या. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हणायला चुकू नका, न म्हणणं उद्धटपणाचं समजतात.

घरच्यांशी बोलायची वेळही ठरवून ठेवा. हिवाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. तिथे मुलं झोपून तुम्ही रात्री नऊला मोकळे झालात, तर हिवाळ्यात नागपुरात दीड वाजलेला असतो.

फसवणूक कशी ओळखायची?

व्हिडिओ कॉल टाळणारं आणि व्हिसासाठी आधी पैसे मागणारं ‘कुटुंब’ दिसलं की तिथेच थांबा. आधीच्या ओ पेअरचा नंबर मागा आणि तिच्याशी स्वतः बोला.

पोहोचल्यावर पासपोर्ट स्वतःकडेच ठेवा. तास वाढत गेले तर तारीखवार नोंद करा आणि करार समोर ठेवून बोला. करार मोडायचा झाल्यास किती दिवसांची नोटीस द्यायची, हे त्यातच लिहिलेलं असावं. धोका वाटला तर ११२ वर फोन करा. भारतीय दूतावास पॅरिसमध्ये आहे. कराराची एक प्रत आणि कुटुंबाचा पूर्ण पत्ता नागपुरात घरी देऊनच निघा.