पोवळ्यांचे नवे घर

चंद्रपूर आणि गडचिरोली हे अरण्यांचे जिल्हे. साग, मोह, तेंदू आणि बांबू येथील मुलांच्या नित्य परिचयाचे आहेत. समुद्र मात्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्रातील एक वस्तू येथील घरांतून पूर्वापार चालत आलेली आढळते. ती म्हणजे पोवळे. आजीच्या माळेतील तांबडे पोवळे पाहून पुष्कळांना तो एखाद्या खाणीतून काढलेला खडा वाटतो. वस्तुतः तो खडा नव्हे. समुद्रात राहणाऱ्या इवल्याशा प्राण्यांनी मिळून तयार केलेला तो सांगाडा आहे. ह्या प्राण्यांना प्रवाळ असे म्हणतात.

माळेतले पोवळे ही प्रवाळांची एक जात झाली. तिचे अनेक भाऊबंद उबदार व उथळ समुद्रात राहतात. प्रवाळाचे शरीर एखाद्या लहान नळीसारखे असते. वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या नाजूक स्पर्शिका असतात. पाण्यात विरघळलेला चुना घेऊन तो आपल्याभोवती कठीण कोश बांधतो. अशा हजारो जीवांची एक वसाहत बनते आणि असंख्य वसाहतींतून शतकानुशतके प्रवाळभित्ती उभी राहते. ह्या जीवांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळांचे पुष्कळसे रंगही ह्या शैवालामुळेच दिसतात. पाणी नेहमीपेक्षा एकदोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर ही मैत्री तुटते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते आणि अखेर उपासमारीने मरूही शकते. १९९८ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असाच मोठा घाला आला होता.

प्रवाळांच्या रंगांना भुलून काही हौशी लोक काचेच्या पेटीत लहानसा समुद्र निर्माण करतात. हे काम दिसते तितके सोपे नाही. समुद्र म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे. त्याच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम निरनिराळे क्षार असतात. स्वयंपाकातील मीठ टाकून ते पाणी तयार होत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरिनही ह्या जीवांना सोसत नाही. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून-मापून सागरी क्षार मिसळावे लागतात.

पाणी तयार झाले, तरी त्यात लगेच प्रवाळ सोडून चालत नाही. नव्याने खोदलेल्या तळ्याचे उदाहरण घ्यावे. ह्या भागातील जुन्या मालगुजारी तलावांत आज मासे, कमळे आणि पाणपक्षी नांदताना दिसतात. पण तलावात पाणी साठले त्याच दिवशी ही सृष्टी अवतरली नव्हती. आधी डोळ्यांना न दिसणारे जंतू आले, मग शेवाळ आले आणि त्यानंतर इतरांची सोय झाली. काचपेटीतही हाच क्रम असतो. माशांची विष्ठा व उरलेले अन्न कुजून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट बनवतात. तेही विषारीच असते. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते मात्र पुष्कळ सौम्य असते. अरण्यात गळलेल्या पानांचे खत करणारे जंतू जे काम करतात, त्याच जातीचे हे काम आहे. ह्या जंतूंची वस्ती पेटीतील खडकांवर व वाळूत जमण्यास बहुधा चारसहा आठवडे लागतात. तोवर पेटी रिकामी दिसली, तरी तिच्यात पाहुण्यांच्या स्वागताची तयारी चाललेली असते. जो हा काळ धीराने घालवत नाही, त्याचे प्रवाळ थोड्याच दिवसांत मरतात.

पहिले पाहुणे काटक असावे लागतात. म्हणून प्रथम भूछत्रासारखे दिसणारे किंवा चामड्यासारख्या अंगाचे मऊ प्रवाळ निवडतात. तेही एक किंवा दोनच. प्रवाळ ज्या पिशवीतून आणले, ती पिशवी आधी पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवतात. दोन्हीकडचे तापमान सारखे झाले, की पेटीतील पाणी थेंबथेंब करून पिशवीत सोडतात. मग प्रवाळ तळाशी, मंद प्रकाशात ठेवून काही दिवसांनी हळूहळू वर आणतात. रोपवाटिकेतले रोप एकदम कडक उन्हात लावीत नाहीत, तसेच हे आहे. दोन प्रवाळांमध्ये अंतरही ठेवावे लागते. कारण ही शांत दिसणारी मंडळी शेजाऱ्याला दंश करतात. काही जातींच्या अंगी तीव्र विष असल्यामुळे हातमोजे घातल्यावाचून त्यांना स्पर्श करीत नाहीत.

चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रवाळाला हवे असते सुमारे २५ अंशांचे पाणी. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र अहोरात्र चालले पाहिजे. वीज काही तास गेली, तरी पेटीतील जीवांच्या प्राणाशी गाठ पडते. शिवाय उन्हाळ्यात पाणी आटते आणि क्षार मागेच राहतात. म्हणून रोज थोडे गोडे पाणी घालून खारेपणा कायम राखावा लागतो.

प्रवाळांच्या ह्या नाजूकपणामुळेच कायद्याने त्यांना मोठे संरक्षण दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत ताडोबाच्या वाघाचे नाव आहे, तिच्यातच २००१ साली कठीण कोश बांधणाऱ्या प्रवाळांचाही समावेश झाला. आपल्या समुद्रातून ते काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मुंबईत सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी व हाजीअली येथील खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. रस्त्याच्या भरावाखाली त्या गाडल्या गेल्या असत्या. तेव्हा वनखात्याची परवानगी घेऊन २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्यांना दुसऱ्या जागी हलवण्यात आले. महानगरातील एवढ्या मोठ्या कामालाही ह्या लहान जीवांसाठी थांबून विचार करावा लागला.

काचेची पेटी लहान असो की समुद्राचा किनारा विशाल असो, नियम एकच आहे. जीवाला नवे घर द्यावयाचे, तर आधी ते घर त्याच्या राहण्याजोगे केले पाहिजे. आणि त्याचे जुने घर सुखाचे असेल, तर त्याला तेथेच राहू देणे हे सर्वांत चांगले. अरण्यात वाढलेल्या मुलांना हे वेगळे सांगावयास नको. वाघाची शोभा जशी अरण्यात, तशी प्रवाळांची शोभा समुद्रात.